जँगोचा चालता प्रकल्प एएसजीआयवर न्यावा की गनिकॉर्नच्या थ्रेडवर भागेल?

नमस्कार. आमचा जँगो (पायथॉनची वेब-चौकट) ४.२ वरील प्रकल्प एका व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालतो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नचे सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या प्रक्रिया) आणि पोस्टग्रेस डेटाबेस. बहुतेक पानांबद्दल काहीच तक्रार नाही. अडचण आहे ती बाहेरच्या एपीआयकडून उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या दोन-तीन व्ह्यूंची (पानाचे उत्तर तयार करणाऱ्या फंक्शनांची). अशा विनंत्या एकदम आल्या की सगळे वर्कर अडकतात, साधे यादीचे पानही ताटकळते, आणि ३० सेकंदांची मूळ मर्यादा ओलांडली की लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ ही ओळ उमटते. प्रोसेसर मात्र त्या वेळी जवळजवळ रिकामाच असतो.

५.२ या दीर्घकालीन आवृत्तीवर आम्ही जाणारच आहोत, म्हणून त्याच वेळी युव्हिकॉर्न हा एएसजीआय सर्व्हर (असिंक, म्हणजे एका विनंतीची वाट पाहताना दुसरी हाताळू शकणारा) घ्यावा का, असा प्रश्न पडला आहे. जँगोमध्ये एएसजीआय ३.० पासून, असिंक व्ह्यू ३.१ पासून आणि ओआरएमच्या (पायथॉनमधून डेटाबेसशी बोलणाऱ्या थराच्या) असिंक पद्धती ४.१ पासून आहेत. तरीही त्या पद्धतींच्या तळाशी डेटाबेसचे काम थ्रेडमध्येच होते आणि ट्रान्झॅक्शन अजून असिंक नाहीत. शिवाय मधले एखादे मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो कोड) सिंक राहिले, तर जँगोला प्रत्येक विनंतीसाठी थ्रेड वापरावा लागतो, म्हणजे ज्या लाभासाठी एवढी उलथापालथ करायची तोच बराचसा हातचा जातो. आमची दोन मिडलवेअर जुनी आणि सिंकच आहेत. एएसजीआयखाली डेटाबेसच्या टिकाऊ जोडण्या बंद ठेवून ५.१ पासून आलेले पूलिंग (जोडण्यांचा सामायिक साठा) वापरावे लागेल, हेही लक्षात घेतले आहे.

फास्टएपीआय या दुसऱ्या पायथॉन चौकटीत वेगळी सेवा काढण्याचा सल्ला सध्या सर्रास मिळतो, पण लॉगिन आणि मॉडेल दोन ठिकाणी सांभाळणे मला पटत नाही. सेलरीही (कामे मागे रांगेत टाकून नंतर करणारे साधन) इथे बसत नाही, कारण वापरकर्त्याला उत्तर त्याच पानावर लगेच हवे असते. माझा कल गनिकॉर्नच्या जीथ्रेड वर्करकडे (एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड चालवणाऱ्या) आहे: कोड बदलावा लागत नाही, आणि बाहेरच्या उत्तराची वाट पाहताना जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारे कुलूप) मोकळे असल्याने थ्रेड एकमेकांना अडवत नाहीत.

ज्यांनी असा प्रकल्प प्रत्यक्ष चालवला आहे त्यांना विचारायचे आहे, की जीथ्रेडवर प्रत्येक वर्करला किती थ्रेड दिल्यावर पोस्टग्रेसच्या जोडण्या अपुऱ्या पडू लागल्या? आणि फक्त हे व्ह्यू एनजिनएक्समधून वेगळ्या युव्हिकॉर्न प्रक्रियेकडे वळवून, बाकीचा तोच कोड डब्ल्यूएसजीआयवर (गनिकॉर्नच्या नेहमीच्या सिंक पद्धतीवर) ठेवण्याची मांडणी कोणी केली असल्यास, डिप्लॉय करताना दोन्ही प्रक्रिया एकाच आवृत्तीवर कशा ठेवता?