बुजरं मांजर माणसाळताना : तुमचे अनुभव लिहा

आमच्याकडे आलेली मनी दिवसभर पलंगाखाली असते, रात्री सगळे झोपले की येऊन खाते, लिटर बॉक्सही (शी-शूचा वाळूचा डबा) वापरते, म्हणजे तब्येत ठीक आहे, पण माणूस दिसला की गायब. "वेळ द्या" असं सगळेच सांगतात, मला हवंय ते त्या वेळात तुम्ही नेमकं काय करत होतात. कुठे बसलात, कधी हात लावलात, कधी नाही लावलात. बारीकसारीक गोष्टीही लिहा, उलट त्याच हव्यात.

*

आमचा बोका मोठा झाल्यावर आमच्याकडे आला, आधीच्या घरात त्याच्यासोबत काय झालं कोणालाच माहीत नाही. त्याला एकदम आख्खं घर न देता एक छोटी खोली दिली, खाणंपाणी एका कोपऱ्यात, लिटर बॉक्स लांब दुसऱ्या टोकाला, आणि रोज संध्याकाळी मी जाऊन जमिनीवर बसायचो, त्याच्याकडे तोंड न करता जरा तिरका, आणि हळू आवाजात काहीतरी वाचायचो. उभा माणूस मांजराला केवढा मोठा दिसत असेल ते खाली आडवं झाल्यावरच कळतं. टक लावून बघायचं नाही, मांजरांमधे रोखून बघणं म्हणजे धमकी. नजरानजर झालीच तर डोळे हळूच अर्धे मिटायचे, जरा थांबायचं, मग पूर्ण मिटून उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी यावर प्रयोग केलेत, २०२० मधे छापून आले, माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळसुद्धा जास्त येतात असं त्यांना दिसलं. आमच्या बोक्याने पहिल्यांदा तसंच उत्तर दिलं तेव्हा मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, तोंड दाबून बसलो!

*

मी रस्त्यावरची पिल्लं आणून सांभाळते, माणसाळली की चांगलं घर बघून देते. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात, आवाज, वास मिळाला तर पुढचं सगळं सोपं जातं. तो काळ माणसाशिवाय गेला तर भीती बसते आणि ती जायला खूप वेळ लागतो. म्हणून अशा मांजराला हट्टी, माजोरडी म्हणू नका हो, ते खरंच घाबरलेलं असतं.

आणि लपायची जागा काढून घेऊ नका, उलट अजून एक द्या, पुठ्ठ्याचं खोकं दोन्हीकडून भोक पाडून, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. नेदरलँड्समधे शेल्टरमधल्या, म्हणजे बेघर प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या, मांजरांवर अभ्यास झाला होता, २०१४ चा, त्यात लपायला खोकं मिळालेली नवी मांजरं बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली. ओढून मात्र कधीच बाहेर काढायचं नाही, कितीही लाड करावेसे वाटले तरी.

फक्त एका बाबतीत धीर धरू नका. मांजराने आख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी राहिल्यावर त्यांच्या लिव्हरमधे चरबी साठून जिवावर बेततं, जाड मांजरांना तर धोका जास्तच.

*

आमच्याकडे जे काम खाऊने झालं नाही ते खेळाने झालं. लांब काठी, तिच्या टोकाला दोरी आणि पीस. लांबीचा फायदा असा की मांजरीला माझ्या जवळ यावंच लागत नाही. पीस तिच्या अंगावर नाचवायचं नाही, ते तिच्यापासून पळालं पाहिजे, कधी उशीमागे लपलं पाहिजे, मगच तिच्यातली शिकारी जागी होते आणि तेवढा वेळ ती भीती विसरते. शेवटी पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. माझ्या मुलीने हे इतकं मन लावून केलं की आमची मांजरी आता घरात सगळ्यात आधी तिच्याकडे जाते, शेपूट सरळ वर करून!

*

वापरलेला टीशर्ट न धुता तिच्या झोपायच्या जागी ठेवा. मांजरासाठी ओळख म्हणजे आधी वास.

*

हात लावण्याबद्दल लिहिते. डोक्यावरून हात आणू नका. एक बोट तिच्या नाकाच्या उंचीला, थोडं लांब धरा आणि थांबा. तिने येऊन वास घेतला आणि गाल घासला तर गालावर नाहीतर हनुवटीखाली खाजवा, दोन-तीन सेकंदच, मग हात काढून घ्या. परत गाल पुढे केला तर अजून हवंय, तोंड फिरवलं तर विषय संपला. शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर नकोच. पोट दाखवून लोळते म्हणजे तिला तुमच्याजवळ सुरक्षित वाटतंय, हात लावा असं नाही. शेपूट आपटायला लागली, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली की लगेच थांबायचं. तिचं "नको" दर वेळी ऐकलंत तरच तिला पुढच्या वेळी यायचा धीर होतो, माझ्या मते सगळ्याचं मूळ हेच आहे.

*

वेगळा अनुभव लिहितो. आमची मांजरी इतकी वर्षं होऊनही मांडीवर येत नाही. पाहुणे आले की कपाटावर. पण मी काम करत असलो की त्याच खोलीत, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर येऊन झोपते, माझ्याकडे पाठ करून, आणि हा केवढा मोठा विश्वास आहे हे मला उशिराने उमगलं. ती अशीच राहिली तरी ती आमची लाडकीच आहे. सगळ्यांनी मांडीवरच यायला हवं असं नाही.

*

एक सावधगिरी. आधी प्रेमळ असलेलं मांजर अचानक लपायला लागलं, हात लावल्यावर फिस्कारलं तर तो स्वभाव समजू नका, दुखणं असू शकतं. आमच्या बोक्याचा दात दुखत होता. वर घुर्रघुर्र चालूच, कारण दुखतानाही मांजरं घुरघुरतात. दात काढल्यावर परत पहिल्यासारखा झाला.

*

डॉक्टरकडे न्यायचा विषय निघालाच आहे तर कॅरिअरबद्दल, म्हणजे मांजर न्यायच्या पिंजऱ्याबद्दल. तो फक्त त्याच दिवशी बाहेर काढला की मांजराला बरोबर कळतं. आमच्याकडे वर्षभर तो खोलीतच उघडा पडलेला असतो, आत तिची चादर, अधूनमधून खाऊ. आता ती दुपारी तिथेच झोपते. लस द्यायच्या दिवशी नुसतं दार लावलं, वरून चादर टाकली आणि निघालो. घरी आल्यावर थोडा वेळ रुसून पलंगाखाली गेली खरी, पण संध्याकाळी जेवायला नेहमीच्या वेळेला हजर होती.