समोरची पाटी स्थिरच हवी

नाशिकच्या शहर बसच्या समोरच्या एलईडी पाटीवर सगळे थांबे सरकत्या अक्षरांत दाखवावेत, अशी एक सूचना आली आहे. ती कागदावर छान वाटते. पण द्वारकेला बस येऊन निघेपर्यंत पाटी 'शालिमार'च्या पुढे सरकतच नाही, 'निमाणी' दिसणार कधी? समोर फक्त मार्ग क्रमांक आणि शेवटचा थांबा असावा, तोही न हलणारा. 'मार्गे' काय ते दाराशेजारी लिहा. चढणारा माणूस तिथेच बघतो.

खरी अडचण देवनागरीच्या उंचीची आहे. वर रफार-मात्रा, खाली उकार. एलईडीच्या १६ ठिपक्यांच्या उंचीत 'त्र्यंबकेश्वर' बसवलं की जोडाक्षरांचा नुसता गोळा होतो. अक्षर ठळक केलं तर आणखीच बुजतं. ठिपक्यांच्या ओळीच वाढवायला हव्यात. मराठी-इंग्रजी एकाच ओळीत कोंबण्यापेक्षा आलटून पालटून दाखवावं, क्रमांक मात्र जागचा हलू नये. २०२७च्या सिंहस्थात बाहेरगावच्या भाविकांना नावापेक्षा तोच जास्त कामी येईल.

आणि हो, मागच्या काचेवरही क्रमांक हवाच. निघून गेलेली बस आपली होती का, एवढं कळलं तरी थांबायचं की रिक्षा करायची ते ठरवता येतं.