ईई (एनॅन्शिओमेरिक एक्सेस) 60 टक्के आला, मग मिक्श्चर 80:20 कसं?

टीवाय_केम: 2-ब्युटेनॉलचं सॅम्पल, 5 ग्रॅम घेऊन 10 एमएल द्रावण केलंय, ट्यूब 10 सेंमीची, पोलॅरिमीटरवर (प्रकाशाचं प्रतल किती फिरतं ते मोजणारं यंत्र) रोटेशन +4.05 अंश. शुद्ध एस-आयसोमरचं (आर हा त्याचा आरशातला जोडीदार, तेवढंच पण उलट फिरवणारा) स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे लांबी आणि कॉन्सन्ट्रेशनने भागलेलं रोटेशन, +13.5 दिलंय. ईई 60% येतो इथपर्यंत कळलं, पण मग एस 60 आणि आर 40 नको का? उत्तरात 80:20 छापलंय, छपाईची चूक आहे का?

रेसिमिक_राव: छपाई बरोबर आहे रे. ईई म्हणजे एस किती ते नाही, एस हा आरपेक्षा किती जास्त ते. रस्सीखेच बघ, एकीकडे 80 जण दुसरीकडे 20, तर 20ची ताकद समोरच्या 20मध्येच जिरते आणि ओढ फक्त 60ची उरते, पोलॅरिमीटरला तेवढीच दिसते. म्हणजे 60% निव्वळ एस, उरलेलं 40 रेसिमिक (एस-आर निम्मे-निम्मे), त्यातले 20 परत एसचेच. 60:40 असतं तर ईई 20 आणि स्पेसिफिक रोटेशन फक्त +2.7 आलं असतं, ताडून बघ. थेट हवं तर 100 मध्ये ईई मिळव आणि निम्मं कर.

कॉलम_काका: युनिट सांभाळा, ट्यूबची लांबी डेसीमीटरमध्ये आणि कॉन्सन्ट्रेशन ग्रॅम प्रति एमएल, निम्मी पोरं तिथेच गळतात. इथे लांबी 1, कॉन्सन्ट्रेशन 0.5, म्हणून 4.05 ला 0.5 ने भागायचं, 8.1, आणि 8.1 भागिले 13.5. बाकी हे परीक्षेपुरतं, लॅबमध्ये रोटेशनवरून ईई सहसा कोणी सांगत नाही, कारण थोडी अशुद्धी असली तरी आकडा हलतो आणि काही रेणूंमध्ये तर रोटेशन ईईच्या सरळ प्रमाणात नसतंच, त्याला होरो इफेक्ट म्हणतात. आम्ही कायरल एचपीएलसी लावतो, त्यात एस आणि आर कॉलमवर वेगळे होऊन दोन पीक येतात, पीकचा एरिया 97.5 आणि 2.5 आला की ईई 95, संपला विषय. फक्त ब्युटेनॉल यूव्ही डिटेक्टरला नीट दिसत नाही, त्याचा बेन्झोएट (यूव्हीत दिसणारा एस्टर) करा नाहीतर सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कॉलमवर जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी).

टीवाय_केम: भारी, थँक्स दोघांना. ह्याच 80:20 वाल्या 10 ग्रॅममध्ये 2 ग्रॅम शुद्ध आर टाकला तर? 60 मधून 20 वजा, ईई 40?

रेसिमिक_राव: नाही नाही, टक्के वजा करू नकोस, ग्रॅम मोज. एस 8, आर 2 अधिक 2 म्हणजे 4, एकूण 12. फरक 4, भागिले 12, ईई 33.3%, स्पेसिफिक रोटेशन +4.5.