मदत हवी आहे : गेंड्याच्या शिंगातील विकृती

नमस्कार. गेंड्याच्या शिंगाला गाईम्हशींच्या शिंगासारखा हाडाचा गाभा नसतो. नाकाच्या हाडावरील खडबडीत उंचवट्यावर, त्वचेतून सतत वाढणाऱ्या केराटिनच्या (केस आणि नखे ज्याची बनतात त्या कठीण प्रथिनाच्या) बारीक नलिका घट्ट सांधल्या जाऊन ते घडते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, सीटी स्कॅनवर आधारित अभ्यासात शिंगाच्या मध्यभागी कॅल्शियम आणि मेलॅनिन (त्वचेला गडद रंग देणारे रंगद्रव्य) यांचे दाट साठे आढळले होते. त्यामुळे गाभा टणक राहतो, तर उन्हाने मऊ पडलेली बाहेरची बाजू घासली जाऊन टोक निमुळते होते, हे स्पष्टीकरण मला पटते. (शिंग म्हणजे चिकटलेले केस, हे विधान मात्र फारच ढोबळ आहे.)

माझी अडचण विकृतींबाबत आहे. काळ्या गेंड्यात दोन शिंगांमागे क्वचित तिसरे लहान शिंग उगवते. ते जन्मजात मानावे, की त्वचेला झालेल्या इजेचा परिणाम? तसेच मुळापासून उखडलेले शिंग पुन्हा वाढताना वेडेवाकडे होते, तेव्हा दोष केराटिन तयार करणाऱ्या त्वचेच्या थरात शोधावा की खालच्या हाडात, आणि जिवंत प्राण्यात हा फरक कसा ओळखावा? पशुवैद्यक किंवा प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.