मदत हवी आहे: बदलापूर की विरार?

नमस्कार मंडळी. दादरचं टू बीएचके विकून लांब कुठेतरी लहान घर घ्यायचं, उरलेले पैसे बँकेत ठेवून व्याजावर राहायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मुलगी सासरी, गुडघे माझे दुखरे.

हिला बदलापूर आवडलं. मोकळी हवा, डोंगर. पण जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती, ते डोक्यातून जात नाही. उल्हास नदीपासून किती लांब घर बघावं? आणि विरारला नळाचं पाणी पुरतं, की टँकर मागवावा लागतो? दोन्हीकडून दादरला थेट लोकल आहे, पण चढायला जमलं तर ना!

एजंट सगळीकडे 'स्टेशनपासून पाच मिनिटं' सांगतात (कुणाच्या पायांनी, देव जाणे). तिथे राहणाऱ्यांनीच सांगा, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का?