प्रोजेक्टसाठी सल्ला हवा: स्पिनची अव्यवस्था आणि धातूचा रोध

शाहूपुरीकर: नमस्कार. कोल्हापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अणूंचे स्पिन (प्रत्येक अणूचं इवलंसं चुंबकत्व) विस्कटले की इलेक्ट्रॉनच्या वाटचालीवर काय परिणाम होतो, हे मोजून दाखवायचंय. डोक्यात कोन्डो परिणाम आहे. फोर-प्रोब (चार टोकांनी रोध मोजायचं साधन) आणि छोटी भट्टी आहे, द्रव नायट्रोजन मागून मिळेल, हेलियम नाही. नमुना कुठला घेऊ?

पंचगंगाकाठ: कोन्डोचा नाद सोडा. सोन्या-तांब्यात लोहाचे मोजके अणू असले की थंड करताना रोध एका टप्प्यानंतर परत चढतो. सोन्यात हे 1934 मध्येच दिसलं होतं, कारण जपानी भौतिकशास्त्रज्ञ जून कोन्डो यांनी 1964 मध्ये सांगितलं. पण तो टप्पा नायट्रोजनच्या 77 केल्विनच्या फार खाली येतो.

त्यापेक्षा शुद्ध निकेलची बारीक तार घ्या. क्यूरी तापमान (ज्याच्या वर निकेलचं लोहचुंबकत्व संपतं) 627 केल्विन, म्हणजे साधारण 354 अंश सेल्सिअस. भट्टीत सहज गाठता येईल. थंड असताना स्पिन एका दिशेला लागलेले असतात, इलेक्ट्रॉनला प्रत्येक अणू सारखाच भेटतो. तापवत गेलं की स्पिन ढळतात, इलेक्ट्रॉन जास्त विखुरतात आणि रोध भराभर चढतो. क्यूरी बिंदूच्या वर स्पिन पुरते विस्कटलेले असतात, आणखी विस्कटायला वावच नाही. रोधातला स्पिनमुळे येणारा चुंबकीय वाटा जवळपास स्थिरावतो, पुढची वाढ मुख्यतः अणूंच्या कंपनांची. आलेखाला तिथं स्पष्ट वळण येतं. त्या आलेखाचा उतारही काढाच. फिशर आणि लँगर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये दाखवलं, की क्यूरी बिंदूपाशी हा उतार चुंबकीय विशिष्ट उष्णतेसारखा (तापमान वाढवताना स्पिन विस्कटवायला लागणाऱ्या उष्णतेसारखा) वागतो. एका तारेतून एवढं कळतं, मला तर हे फार सुंदर वाटतं!

एक_मास्तर: सहमत. वेळ उरला तर लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटची (मँगनीजच्या एका चुंबकीय ऑक्साइडची) गोळी करा, लँथॅनमच्या 30 टक्के जागी स्ट्रॉन्शियम असलेली. क्यूरी तापमान 370 केल्विनच्या आसपास. तिथं शेजारच्या दोन मँगनीजच्या स्पिनमधला कोन वाढला, की इलेक्ट्रॉनची उडी त्याच्या अर्ध्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे आखडते. चुंबकक्षेत्र लावा, स्पिन रांगेत येतात आणि रोध उतरतो. फेराइटवर काम चालतं त्या लॅबमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटची चौकशी करा. मात्र गोळीत कणांच्या सीमांचा रोधही मिसळतो, आकडे वाचताना जपून.

शाहूपुरीकर: निकेल पक्कं, सर. तापवताना तार ऑक्सिडाइज होईल का?

पंचगंगाकाठ: हवेत होईल, म्हणून भट्टीत आर्गॉन वायू खेळवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी जोडतार) निकेलच्या तारेला अगदी लगटून ठेवा. प्रत्येक तापमानाला प्रवाह उलटा करून दुसरं वाचन घ्या, म्हणजे उष्णतेमुळे येणारा जादा व्होल्टेज वजा होतो. आणि भट्टी सावकाश थंड होतानाचीही वाचनं घ्या. वळण दोन्ही वेळा एकाच तापमानाला यायला हवं.