प्रिन्सिपल सर्टिफिकेट: ३०० तासांत मराठी शाळेचे तास धरतात का?

प्रेषक: स्वाती, एडिसन
विषय: प्रिन्सिपल सर्टिफिकेट, ३०० तास (तातडीचं)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमात ज्यांच्याशी बोलले होते त्यांना सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी एका ओळीत: मी इथे पब्लिक शाळेत शिकवते आणि न्यू जर्सीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट घेते आहे, त्यासाठी ३०० तासांची इंटर्नशिप आणि पाच वर्षांचा अनुभव लागतो. आता थेट मुद्द्यावर येते. इंटर्नशिपच्या मेंटॉरचा फॉर्म शुक्रवारपर्यंत युनिव्हर्सिटीत द्यायचा आहे. आमच्या प्रिन्सिपल सही करायला तयार आहेत, पण माझ्या पिरियडच्या वेळातला एकही तास धरायचा नाही अशी त्यांची अट आहे. सकाळची बस ड्यूटी आणि शाळा सुटल्यावरच्या मीटिंगा मिळून ३०० तास वर्षभरात कसे भरायचे? दोन मुलं लहान आहेत, संध्याकाळी माझे स्वतःचे क्लास असतात.

तर दोन प्रश्न. आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत वेळापत्रक, शिक्षकांच्या रजा, पालकसभा हे सगळं मी बघते. ते तास यात धरता येतील का? कोणी धरून घेतलेत का?

दुसरं म्हणजे, पब्लिक शाळेत लागण्याआधी मी खाजगी शाळेत शिकवत होते, तेव्हा माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं. ती वर्षं अनुभवाच्या पाच वर्षांत धरतात का? ॲडव्हायझर एक सांगतात, शाळेच्या ऑफिसात दुसरंच ऐकायला मिळतं.

शुक्रवार म्हणजे परवा. ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज आजच लिहा.

स्वाती

---

प्रेषक: वैशाली (मराठी शाळा)

स्वाती, तुझं काम शाळेत सगळ्यांना दिसतं आणि तू पुढे जावंस असं मला मनापासून वाटतं. पण शाळेचा विषय लिस्टवर येण्याआधी माझ्याशी आणि समितीशी बोलणं व्हायला हवं.

तास धरायचे म्हणजे युनिव्हर्सिटीची माणसं शाळा बघायला येणार, कागद मागणार, कुणीतरी सही करणार. आपण ते वर्ग स्कूल डिस्ट्रिक्टकडून (गावातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून) भाड्याने घेतो, विमा मंडळाच्या नावावर आहे, शिकवणारे सगळे स्वयंसेवक आहेत. मागे एकदा कुणाच्या तरी कोर्ससाठी आपण असेच वर्ग उघडे केले होते. सेमिस्टर संपलं आणि भर वर्षात दुसरीच्या मुलांना शिक्षक उरला नाही. जुन्या पालकांना आठवत असेल.

सध्या परीक्षेची तयारी चालू आहे, शिवाय सील ऑफ बायलिटरसीसाठी (हायस्कूलच्या मुलांना दोन भाषा येतात याच्या मान्यतेसाठी) तीन मुलांच्या डिस्ट्रिक्टशी पत्रव्यवहार सुरू आहे. या घडीला मला शाळेत नवीन काही नको आहे.

वैशाली

---

प्रेषक: मंदार, पार्सिपनी

स्वाती,

समितीच्या गोष्टीत मी पडत नाही. मी व्हाइस प्रिन्सिपल आहे, या वाटेने गेलोय, तेवढ्यावरून सांगतो.

रविवारचे तास धरू नकोस. न्यू जर्सीच्या नियमात एज्युकेशनल लीडरशिपमधली ३०० तासांची इंटर्नशिप आहे आणि ती बाकीच्या कोर्सवर्कपासून वेगळी असावी लागते. तपशील युनिव्हर्सिटीच्या हँडबुकात असतो. माझ्या हँडबुकात प्री-के ते बारावीची शाळा आणि प्रिन्सिपल सर्टिफिकेट असलेला मेंटॉर, अशा दोन्ही अटी होत्या. तुझं हँडबुक आजच उघड आणि त्यातलं वाक्य ॲडव्हायझरकडून ईमेलवर लिहून घे. तोंडी उत्तरावर राहू नकोस.

पण हँडबुक बाजूला ठेवलं तरी माझं मत तेच राहील. प्रिन्सिपलचा दिवस वेळापत्रकात कमी आणि कायद्यात जास्त जातो. उदाहरणार्थ एचआयबी, म्हणजे छळ आणि दादागिरीच्या तक्रारी. २०११ पासून लागू असलेल्या कायद्यामुळे तक्रार आली की एका शालेय दिवसात प्रिन्सिपलने चौकशी सुरू करायची आणि लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत ती पूर्ण व्हायला हवी. तेवढ्यात दोन्ही घरच्या पालकांशी बोलायचं, अँटी-बुलिंग स्पेशलिस्टबरोबर बसायचं, आणि त्या मुलांना रोज त्याच कॅफेटेरियात एकमेकांसमोर सांभाळायचं. आयईपीच्या (स्पेशल एज्युकेशनच्या मुलासाठी आखलेल्या योजनेच्या) मीटिंगमध्ये आई रडत असते आणि तुम्हाला सेवेच्या मिनिटांबद्दल बोलावं लागतं. शिक्षकांचं मूल्यमापन २०१२ च्या टीचएनजे कायद्याखाली चालतं, त्यावर कुणाचं तरी टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायम होणं, अवलंबून असतं. शिवाय दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल. रविवारची शाळा कितीही चांगली चालली तरी कायद्याच्या दृष्टीने ती शाळा नाही, तिथे यातलं काही समोर येत नाही. आणि खुर्चीत बसल्यावर पहिल्याच आठवड्यात हेच समोर येतं.

आता गणित. उन्हाळ्यात तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या मुलांसाठी ईएसवाय (वाढीव शालेय वर्षाचे वर्ग) चालतं, तिथे एक कोऑर्डिनेटर असतोच. रोज ४ तास, आठवड्याला ५ दिवस, ४ आठवडे, झाले ८० तास. बस चुकणं, नर्स, पालकांचे फोन, सगळं तिथे पहिल्या दिवशी भेटतं आणि तुझे पिरियड आड येत नाहीत. उरले २२०. शाळेचे साधारण ३६ आठवडे धर, आठवड्याला ६ तास म्हणजे २१६. ऑगस्टमध्ये मास्टर शेड्यूल लागतं आणि नव्या शिक्षकांचं ओरिएंटेशन असतं, तेव्हाचे दोन दिवस घेतलेस की वर जातेस. ईएसवायची माणसं आत्ताच ठरतात, उद्या सकाळी प्रिन्सिपलना विचार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पाच वर्षांचा अनुभव व्हॅलिड प्रोव्हिजनल (सुरुवातीच्या तात्पुरत्या) किंवा स्टँडर्ड (कायमच्या) सर्टिफिकेटखालचा लागतो, न्यू जर्सीचं किंवा दुसऱ्या राज्याचं समकक्ष. सर्टिफिकेट नसतानाची खाजगी शाळेतली वर्षं त्यात बसत नाहीत. पण प्रोव्हिजनलची वर्षं धरतात, ती विसरू नकोस. खूप जण स्टँडर्ड हातात आल्यापासून मोजायला लागतात.

मंदार

---

प्रेषक: अजित

मंदारने चांगलं लिहिलं आहे. इथे एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. स्कूल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट वेगळं असतं आणि त्याला शिकवण्याच्या अनुभवाची अट नाही. सीपीए लायसन्स किंवा मास्टर्स, ठरावीक विषयांचे क्रेडिट, आणि नोकरी लागल्यावर मेंटॉरच्या हाताखाली रेसिडेन्सी. बजेट, बस आणि जेवणाची कंत्राटं, इमारतींची दुरुस्ती, ऑडिट, सगळं त्या टेबलावरून जातं. आपल्यात इतके अकाउंटंट आहेत, कुणालाच यात यावंसं वाटत नाही का? मी स्वतः माहिती काढतो आहे. आणखी कुणाला रस असेल तर मिळून करू.

अजित

---

प्रेषक: प्रकाश काका

अजित, जरूर ये. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर होतो तेव्हा आमच्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर बाई सुट्टीवर गेल्या की आम्हा सगळ्यांना धडकी भरायची. बोर्डाचं काम विनामानधन असतं, त्यामुळे नऊ जण आपापली नोकरी सांभाळून रात्री आठला बसायचे आणि आकडे समजावून सांगणारं एकच माणूस असायचं. मार्चमध्ये बजेट जायच्या आधी तर बारा-बारा वाजायचे.

पगाराबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून सांगतो. सुपरिटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या, पगारावर २०११ मध्ये राज्याने मर्यादा घातली होती, ती २०१९ मध्ये उठली. मधल्या काळात चांगली माणसं न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाला गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हाही मी बोर्डात हे बोललो होतो.

स्वातीबेटा, रविवारच्या शाळेचं काम इंटर्नशिपच्या तासांच्या लॉगमध्ये घालू नकोस, पण मुलाखतीत जरूर सांग. पगार नसलेल्या वीस लोकांना दर रविवारी वेळेवर हजर ठेवणं आणि एकही पालक तुटू न देणं, हे ज्याने केलंय त्याला मी दुसऱ्या फेरीला बोलावलं असतं. आमच्यापुढे येणारे बहुतेक उमेदवार टेस्ट स्कोअरवर भरभरून बोलायचे, पण चिडलेल्या पालकाचं पहिलं वाक्य ऐकून तुम्ही काय कराल, यावर अडायचे.

प्रकाश

---

प्रेषक: वैशाली (मराठी शाळा)

मंदार, "कायद्याच्या दृष्टीने ती शाळा नाही" हे वाक्य मला लागलं.

आपल्याकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाचा (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संस्थेचा) अभ्यासक्रम आहे, भारती विद्यापीठाकडून परीक्षेचं मूल्यांकन होतं, हजेरी आहे, प्रगतिपुस्तक आहे. आपल्या मुलांना हायस्कूलमध्ये वर्ल्ड लँग्वेजचे क्रेडिट मिळावेत म्हणून मी दोन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात जाऊन बसले आहे. तिथेही पहिल्यांदा हेच उत्तर मिळालं होतं, की ही शाळा नाही. मंडळातल्याच माणसाने लिस्टवर तेच लिहिलं की पुढच्या वर्षी प्रवेश घेणारे पालक ते वाचतात. आयईपी असलेली मुलं आपल्याकडेही येतात, त्यांच्यासाठी आपल्या शिक्षिका स्वतः वाचून वेगळे तक्ते करतात, तेही कुणी न सांगता.

वैशाली

---

प्रेषक: मंदार, पार्सिपनी

वैशालीताई, माझी मुलगी तिथे पाच वर्षं शिकली आणि आजीला मराठीत पत्र लिहिते, ते तुमच्यामुळे. मी लिहिलं ते फक्त सर्टिफिकेटच्या अर्जापुरतं होतं आणि त्यापुरतं ते बरोबर आहे. क्रेडिटसाठी तुम्हाला आमच्या डिस्ट्रिक्टचं पत्र हवं असेल तर वर्ल्ड लँग्वेज सुपरवायझरशी मी बोलतो.

---

प्रेषक: सुजाता, प्लेन्सबोरो

स्वाती, सगळे प्रिन्सिपलचंच बोलतायत. तू सुपरवायझर सर्टिफिकेटचा विचार केलास का? मास्टर्स, स्टँडर्ड सर्टिफिकेट, तीन वर्षांचा अनुभव आणि सुपरव्हिजन व करिक्युलमचे १२ ग्रॅज्युएट क्रेडिट. परीक्षा नाही. बहुतेक लीडरशिप प्रोग्रॅममध्ये ते चार कोर्स असतातच, त्यामुळे वेगळं काही शिकावं लागत नाही. मी तसंच केलं, आधी मॅथची सुपरवायझर झाले, तोवर पाच वर्षं भरली. व्हाइस प्रिन्सिपल व्हायचं तर मात्र प्रिन्सिपलचंच लागतं, सुपरवायझरवर भागत नाही.

तुझी खाजगी शाळेतली वर्षं वाया गेली असं मुळीच समजू नकोस. सर्टिफिकेटला चालली नाहीत तरी पगाराच्या गाइडवर वरची पायरी देताना डिस्ट्रिक्ट ती बघू शकतं. मला पुण्यातली वर्षं तशीच मिळाली. मागितली म्हणून मिळाली, आपणहून कुणी देत नाही.

एसएलएलए, म्हणजे प्रिन्सिपल सर्टिफिकेटची परीक्षा, लवकर देऊन टाक. १२० बहुपर्यायी प्रश्न आणि ४ लेखी, मिळून चार तास. लेखी भागात शाळेची कागदपत्रं आणि आकडे देतात आणि तुम्ही काय कराल ते विचारतात. एचआयबी, आयईपी डोक्यात ताजं असताना ते सुचतं, म्हणून इंटर्नशिपच्या मध्यावर दे.

आणि फीबद्दल. डिस्ट्रिक्टकडून ट्यूशनचे पैसे परत हवे असतील तर कोर्सला नाव घालण्याच्या आधी सुपरिटेंडंटची मंजुरी लागते. नंतर कितीही चांगले ग्रेड दाखवले तरी उपयोग नाही. उन्हाळ्याच्या कोर्सचं रजिस्ट्रेशन केलं नसशील तर थांब, आधी तो कागद घे.

प्रियांकाने मला वेगळं लिहून विचारलं होतं, सगळ्यांसाठी इथेच सांगते. रटगर्स, कीन, माँटक्लेअर, टीसीएनजे, सगळीकडे एज्युकेशनल लीडरशिपचं मास्टर्स आहे. आधीच दुसऱ्या विषयात मास्टर्स असेल तर पुन्हा पूर्ण डिग्री करण्याआधी एनजे एक्सेल हा सर्टिफिकेटचा प्रोग्रॅम बघा. आणि भारतातली डिग्री असलेल्यांनी कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन (एकेक विषय इथल्या कशाच्या बरोबरीचा, याची तपासणी) आधी करून घ्यावं. तीन वर्षांचं बी.ए. आणि वर बी.एड. याचा हिशेब प्रत्येक एजन्सी वेगळा लावते. आपल्याच युनिव्हर्सिटीला चालणारी एजन्सी कोणती ते विचारून मगच पैसे भरा.

सुजाता

---

प्रेषक: प्रियांका

सुजाताताई, थँक्यू. माझं एम.एस्सी. मुंबईचं आहे, सीलबंद ट्रान्सक्रिप्टसाठी कुणीतरी तिथे प्रत्यक्ष जावं लागणार. एप्रिलमध्ये मुंबईला कोणी जात आहे का?

---

प्रेषक: नीलेश (सचिव)

मुंबईला जाणाऱ्यांनी प्रियांकाला थेट लिहा. शाळेतल्या इंटर्नशिपचा विषय समितीच्या बैठकीत घेऊ, तोपर्यंत त्यावर लिस्टवर पुढे लिहू नये. अजित, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरसाठी वेगळा धागा काढशील का?

---

प्रेषक: स्वाती, एडिसन

मंदारदादा, सुजाताताई, काका, सगळ्यांचे आभार.

हँडबुक उघडलं. "प्री-के ते बारावीची मान्यताप्राप्त शाळा" असं स्पष्ट आहे, म्हणजे रविवारचा प्रश्न मिटला. वैशालीताई, शाळेचं काम आहे तसंच चालू ठेवते, परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेआठला दार उघडायला मी आहे.

आज प्रिन्सिपलना विचारलं. ईएसवायच्या कोऑर्डिनेटर मला सोबत घ्यायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे सुपरवायझर सर्टिफिकेट आहे, प्रिन्सिपलचं नाही. आमच्या प्रिन्सिपल जुलैत दोन आठवडे नसतात. मग त्या ८० तासांवर सही कुणाची चालेल? कागदावर मेंटॉर एक आणि जागेवर दुसरी व्यक्ती, असं तुमच्यापैकी कुणाचं झालं आहे का? फॉर्मवर मेंटॉरच्या नावाला एकच ओळ आहे. ॲडव्हायझरना ईमेल केली आहे, पण त्या सोमवारनंतरच उत्तर देतात.

ट्यूशनचं रजिस्ट्रेशन अजून केलेलं नाही. मंजुरीचा अर्ज आज दुपारीच दिला.

---

प्रेषक: मंदार, पार्सिपनी

चालतं. प्रिन्सिपलचं नाव ओळीत घाल, आणि ईएसवायमध्ये रोजची देखरेख कोण करणार ते वेगळ्या पत्रात त्यांच्याच सहीने लिहून फॉर्मला जोड. त्या नसतील त्या दोन आठवड्यांत व्हाइस प्रिन्सिपल असतात, त्यांच्याकडे प्रिन्सिपल सर्टिफिकेट असणारच. लॉगवर त्यांची आद्याक्षरं घे, रोजच्या रोज. माझं असंच झालं होतं आणि युनिव्हर्सिटीने ते मान्य केलं. त्या पत्राचा नमुना माझ्याकडे आहे, नावं काढून रात्री पाठवतो.